अण्णाची रॉकेलची बशी

वहिनीचा फोन लातूरहून सकाळीच आला. "ताई, तुमचे अण्णा गेले... चहा घेतला, बशी खाली ठेवली अन् मान कलली." नांदेडहून निघालेल्या एसटीत मी पदर तोंडाशी धरून बसले होते. रडू येत होतं, आणि मध्येच मनात येत होतं, बरं झालं, चाकांचं ते बोलणं आमचं होऊन गेलं होतं. सख्खा मोठा भाऊ गेला आणि हिला चाकं सुचतात, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ते बोलणं राहून गेलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

अण्णा लातूरच्या शाळेत गणित शिकवायचा. तरुणपणी सायकलच्या शर्यती मारलेल्या, त्यामुळे माझी लेक मेघा सायकलच्या ट्रॅकवर उतरली तेव्हा तिच्यापेक्षा तोच जास्त उड्या मारत होता. ट्रॅकची सायकल म्हणजे गिअर नाही, ब्रेक नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवायची सोय नाही. स्पर्धा पुण्याला, सराव मात्र नांदेडच्या एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर, आणि तिथं पुढच्या चाकाला ब्रेक लावल्याशिवाय जायचं नाही हा मामाचा कायदा. महिन्यातून एखाद्या रविवारी तो ग्रीसचा डबा घेऊन एसटीनं यायचा. दोन्ही चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, उघडायचे, आतल्या पोलादी गोळ्या माझ्या चहाच्या बशीत काढायच्या, रॉकेलनं धुवायच्या, ग्रीस भरून परत बसवायच्या आणि दोन्ही बाजूंचे कोन, म्हणजे निमुळते नट, बोटांच्या अंदाजानं आवळायचे. जास्त आवळलं तर चाक अडतं, कमी आवळलं तर डुलतं. एकदा एक गोळी हरवली तेव्हा आमच्या ह्यांना त्यानं दिवाण उचलायला लावला, कपाट सरकवायला लावलं. गोळी शेवटी त्याच्याच बाहीच्या दुमडीत सापडली. "इथं कशी आली ही?" असं त्यानं आम्हालाच दरडावून विचारलं.

मग त्याचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं दिली, आणि ह्या आजारात असंच होतं म्हणाले. अण्णा येतच राहिला. तो परत गेला की मेघा मागचं चाक धरून हलवून बघायची. "आई, चाक ढिलं हाय. डुलून राहिलं." मग ती गुपचूप ते उघडून पुन्हा बसवायची. ट्रॅकच्या कलत्या वळणावर, त्या वेगात, चाक डुललं तर पोरीचं काय होईल, ह्या विचारानं मी शर्यतीच्या आदल्या रात्री जागीच असायची. आणि अण्णाला सांगायचं कोणत्या तोंडानं? माझा हात धरून त्यानं पाटीवर आकडे गिरवून घेतले होते. त्याच हाताला मी आता राहू दे म्हणायचं? दर खेपेला ठरवायची, आणि दर खेपेला त्याला आणखी एक भाकरी वाढायची.

अशाच एका रविवारी बशी कलंडली. गोळ्या घरभर. मी वेचायला वाकले तर तो म्हणाला, "राहू दे, सुमे." मग चहा घेता घेता अगदी सहज म्हणाला, "आपण आता सीलबंद बेअरिंगचे हब घेऊ. आपल्याकडची धूळ लई बारीक. कितीदा उघडायचं?" धूळ काही त्या वर्षी नव्यानं पडायला लागली नव्हती. इतकी वर्षं असल्या हबना तो 'डबाबंद माल' म्हणून नाक मुरडायचा. पण मी मान डोलावली.

आणि मग निवड सुरू झाली. स्थळ बघतात तशी. मेघानं मोबाइलवर एक चकचकीत परदेशी हब दाखवला. अण्णानं आधी बेअरिंगचा नंबर विचारला आणि लगेच उदगीरला एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. असलं माप आपल्याकडं कुठंच मिळत नाही म्हणाला तो. स्थळ मोडलं. शेवटी एक साधा हब पसंत पडला. त्यातलं बेअरिंग मोटारीच्या कुठल्याही दुकानात मिळणारं, दोन्ही बाजूंना धूळ अडवणारी रबरी झाकणं, आणि मागच्या हबला उलट्या आट्यांची वेगळी रिंग, म्हणजे पायडल मागं दाबून वेग कमी करताना साखळी बसते ती दातेरी चकती सुटून येणार नाही.

"मामा, दिसायला लई साधं हाय," मेघा कुरकुरली.

"पळताना कोण बघतंय त्याच्याकडं?"

नवी चाकं बसली त्या दिवशी त्यानं मागचं चाक एका बोटानं फिरवलं. आवाज नाही, डुलणं नाही. समाधानानं तो स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "सुमे, मी लातूरला गेल्यावर पोरगी चाक परत उघडती, ठाऊक होतं मला."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. "मग बोलला न्हाईस ते?"

"तू तरी कुठं बोललीस?" तो हसला. "शर्यतीच्या दिवशी तुझा फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. आपल्या हातानं पोरीचं काही झालं तर... आता निवांत झोप लागंल बघ."

मी कणकेच्या हातांनीच डोळे पुसले. इतक्या दिवसांचं ओझं दोघांच्याही डोक्यावरून एकदम उतरलं. त्यानं ती रॉकेलची बशी उचलली, साबणानं दोनदा घासली आणि माझ्यापुढं धरली. "घे. ही आता चहाला मोकळी." पहिला चहा त्यानंच तिच्यात ओतून घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वास येतोय अजून. जाईल हळूहळू."

अण्णाला जाऊन आता काही आठवडे झाले. रविवारी मेघा सरावाहून येते, सायकल उलटी ठेवून मागचं चाक फिरवून बघते. चाकाबरोबर पायडलही फिरत राहतं, बराच वेळ. कुणाला काही उघडावं लागत नाही. मी शेजारी बसून त्या बशीतून चहा घेते. वास केव्हाच गेलाय. तरी पहिल्या घोटाआधी मी बशी नाकाशी नेतेच.