झिरो वायरमनचा जबाब

धुळे-पारोळ्याकडच्या आमच्या गावांत ज्याला झिरो वायरमन म्हणतात, तो मी नऊ वर्षं होतो. पगार झिरो, नेमणूक झिरो, हजेरीपटावर नाव झिरो. खांबावर चढायला मात्र तोच. हा शब्द कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही, पण फ्यूज उडाला की गावाला पहिल्यांदा तोच आठवतो.

वडिलांच्या वेळी विजेचं सरकारी बोर्ड होतं. खांब बैलगाडीतून आले आणि गावाने स्वतः खड्डे खणले, हे ते अभिमानाने सांगत. पुढे बोर्ड गेलं आणि सरकारी कंपन्या झाल्या. एक वीज तयार करणार, दुसरी वाहून नेणार, तिसरी घरोघर पोचवून बिल घेणार. गावाला तीन कंपन्या कधी दिसल्या नाहीत. दिसला तो एक वायरमन, सात गावांना मिळून. त्याच्या मांडीत सळई होती आणि पोट सुटलेलं होतं. त्याला आम्ही नाना म्हणायचो. नाना खांबावर चढू शकत नव्हते, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं.

काम असं चाले. नाना उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन करून लाईन बंद करून घेत. याला परमिट म्हणतात, आणि ते नानांच्या नावावर निघे. चढत मी असे. काम झालं की मी खाली उतरून हात दाखवायचा, मग नाना परमिट परत करत आणि लाईन चालू होई.

मी फुकट राबणारा माणूस नाही. ज्याच्या शेतातली लाईन जोडली त्याच्याकडून शेंगांची गोणी, गहू, कडबा, जे ठरेल ते आधी ठरवूनच पक्कड हातात घ्यायचो. घासाघीस करण्यात मला तालुक्यात तोड नव्हती. नानांशी मात्र एकच बोली होती. त्यांनी माझं नाव साहेबांकडे द्यायचं आणि मला कंपनीत लावून घ्यायचं. दर दिवाळीला ते सांगत, "दिनं शे नाव. यंदा व्हई जाई." शेंगांचं माप डोळ्यासमोर करून घेणारा मी, या एका गोष्टीत तोंडी शब्दावर नऊ वर्षं थांबलो.

गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते. दुपारी तीनच्या सुमारास मी मळ्यातल्या खांबावर तुटलेली तार जोडत होतो. नाना फाट्यावरच्या टपरीवर चहा पीत होते. शेजारच्या गावचे लोक लाईट कधी येणार म्हणून त्यांच्या अंगावर आले. तेवढ्यात ऑपरेटरचाही फोन आला, काम झालं का म्हणून. नाना म्हणाले, "झालंच असेल." आणि परमिट परत केलं. मी अजून वरच होतो.

भिजवलेल्या वाफ्यात पडलो म्हणून वाचलो. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत.

तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात नाना आणि साहेब आले. साहेब म्हणजे आमच्या भागाचे अभियंता, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी लिहून आणलेला जबाब पुढे केला. मी कोणालाही न विचारता, स्वतःच्या मर्जीने खांबावर चढलो, असं त्यात होतं.

"दोनच ओळी आहेत, भाऊ," साहेब म्हणाले. "सही केलीत की विषय मिटला."

नाना खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "मनी नोकरी जाई रे भो. रिटायर व्हवाले तीनच वरीस ऱ्हायनात."

"आणि माझी नोकरी?" मी विचारलं. "साहेब, नऊ वर्षं माझं नाव तुमच्या ऑफिसात पडून आहे. त्याचं काय झालं ते सांगा."

साहेबांनी नानांकडे पाहिलं. "कोणतं नाव? मला तर हे आजच कळतंय."

नाना खिडकीबाहेर पाहू लागले. मी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या त्यांच्या दिशेने फेकला. तो भिंतीवर आपटला, नर्स धावत आली. बायकोने माझा हात धरून ठेवला आणि हळूच म्हणाली, "सही करू नका. तुम्ही चढेत ते आख्खा गावले माहीत शे."

तिचं ऐकायला हवं होतं. पण समोर दोन घाबरलेली माणसं उभी होती, आणि असं गिऱ्हाईक पुढ्यात आल्यावर मला राहवत नाही. मी म्हणालो, मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकायचं आहे, त्याला थ्री फेज कनेक्शन पाहिजे, खांब थेट दारापर्यंत, आणि महिन्याच्या आत. साहेब जरा कमी करू पाहत होते. मी एक खांबही सोडला नाही. मग डाव्या हाताने सही केली.

कनेक्शन बाविसाव्या दिवशी आलं. लोक दोन-दोन वर्षं चकरा मारत होते. साहेबाला खाटेवर पडल्या पडल्या कसं वाकवलं, हे मी वर्षभर ज्याला त्याला सांगत होतो. दुकान चाललं. दोन्ही हातांचं काम एका हाताने आणि तीन बोटांनी करायला शिकलो.

तिसऱ्या वर्षी कळलं की लाईनवर प्रत्यक्ष काम केलेल्यांना उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून घेणार आहेत. खुर्चीवर बसून नोंदी ठेवायच्या, म्हणजे हाताची अडचण नव्हती. वयोमर्यादेला दोन वर्षं शिल्लक होती. नऊ वर्षांचं काम खरं होतं हे कुठेतरी कागदावर यावं, एवढंच मला हवं होतं. सात गावांतल्या लोकांच्या सह्या गोळा केल्या आणि धुळ्याच्या ऑफिसात गेलो.

टेबलावरच्या बाईंनी अर्ज नीट वाचला. मग आत जाऊन एक फाईल घेऊन आल्या.

"भाऊ, अनधिकृतपणे खांबावर चढल्याचा जबाब आहे इथे. ही सही तुमचीच ना?"

मी टेबलावर हात आपटला, ओरडलो. शिपायाने दंड धरला. बाईंचा आवाज चढला नाही. "तुम्हीच लिहून दिलंय की तुम्ही आमचे नव्हता. मी काय लिहू?"

त्याच महिन्यात गावच्या शाळेच्या पटांगणात नानांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, मग भाषणं. नवीन साहेब म्हणाले, "यांच्या हद्दीत इतक्या वर्षांत एकाही कर्मचाऱ्याला अपघात झाला नाही." टाळ्या पडल्या. ज्यांनी माझ्या अर्जावर सह्या केल्या होत्या, तेही वाजवत होते.

मी उठून विचारलं, "नाना, खांबावर शेवटचे कधी चढलात तेवढं सांगून टाका."

पटांगण हसलं. नाना पण हसले. सगळ्यांना ती थट्टा वाटली.

नंतर मंडपाच्या मागे मी त्यांना गाठलं. शाल खांद्यावर तशीच होती. म्हणालो, "आता तरी लिहून द्या. तुमची पेन्शन कोणी खात नाही."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या दिन दवाखानामा सौदा तूच करा ना भो. मी कोठे नही म्हनं?"

पंगत बसली होती, बायको हाक मारत होती. मी न जेवता घरी आलो.