शांताची शेडवरची जागा

बेदाणा निवडायच्या शेडवर शांता ढिगावर कलंडली तेव्हा मुकादम आधी म्हणाला, "क्रेट बाजूला घ्या." मग आम्ही बायकांनीच तिला उचलून टेम्पोत घातलं. सांगलीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती संपली होती. त्याला आता दीड महिना होईल.

शांता माझी धाकटी जाऊ. माझा नवरा वारल्यापासून मी त्यांच्याच घरात. तिचा नवरा दत्तू मिरजेजवळ गाड्यांचे लोखंडी भाग ओतायच्या फाउंड्रीत माल तपासायला होता. ऑर्डरी थांबल्या आणि फाउंड्रीनं माणसं घरी बसवली. पेपरात मंदी म्हणजे काम नसणं असं लिहितात. शांताला तर काम वाढलं. गॅस परवडेना म्हणून ती शेडवरून येताना द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या डोक्यावरून आणायची, चुलीपुढं बसायची, नव्वदीच्या सासूबाईंचं अंथरूण धुवायची. या कामाचा पगार कोण देणार... दत्तू भिंतीकडं तोंड करून पडलेला.

एक दिवस तिनं त्यालाच शेडवर आणलं. बेदाणा निवडायचा म्हणजे देठ आणि काळे दाणे काढायचे. हा फाउंड्रीच्या सवयीनं चेपलेला, वाकडा दाणा दिसला की बाद करू लागला. चांगल्या मालाचा ढीग बादमध्ये! शांता म्हणाली, "आवं, बेदाणा हाय त्यो, गाडीचा पार्ट न्हाई. सुरकुत्या बघून बाद करायचं तर आदी मला करा." बायका हसल्या, दत्तूही कधी नव्हे तो हसला. मुकादम हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दत्तूला फाटकातूनच परत पाठवलं.

त्या फाटकाशी रोज नव्या बायका कामासाठी उभ्या असत. त्यांचेही नवरे घरी बसलेले. शांताच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "चार दिवस घरी पड."

"आक्का, मी उठले की तितं दुसरी बसंल. पित्त हाय, जाईल."

ती उठली नाही... गेली त्याच दुपारी तिच्या जागी फाटकावरची एक बाई बसली. तिला मी नावं ठेवत नाही. तिच्याही घरी चूल असणारच.

दत्तू आता भाकऱ्या थापतो, काठाला जाड होतात. हे आधी का सुचलं नाही, असं मी त्याला तोंडावर विचारलं. त्यानं पुढची भाकरी तव्यावर टाकली. परवा त्याला फाउंड्रीतून बोलावणं आलं. या मंदीतून आमच्या घरात सासूबाई, दत्तू आणि मी, अशी तिघं जगलो.