कागदातली बाभूळ

विसूभाऊ गेल्याची बातमी मला बारामतीच्या बाजारात, वांग्यांच्या पाटीपाशी मिळाली आणि मी ती खरी मानली नाही. बाजारात मारलेली माणसं आमच्याकडे पुष्कळदा संध्याकाळी चहाला येतात. शिवाय विसूभाऊंचीच शिकवण... सांगणारा कोण, त्याला कुणी सांगितलं आणि सांगून त्याला काय मिळणार, हे विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. मी तिन्ही विचारलं. बातमी खरी निघाली. महिना होऊन गेला, तरी वाईट वाटतं आणि थोडा रागही येतो.

ते कालव्याच्या कचेरीत कारकून, मी शाळामास्तर. त्यांना वेड एकच. बाहेरून आलेली झाडं आपल्या मुलखात कशी शिरली, ते जुन्या कागदांतून हुडकायचं. घाणेरी कुठल्या बंगल्याच्या कुंपणातून पळाली, पिवळा धोतरा कुठून कुठवर पोचला... त्यापायी रविवारी इंदापूरकडे सायकल दामटायची आणि मागून मी. साखर कारखान्यासाठी जमिनी बघणारे हिंडत होते ते दिवस. आज झाडं विचारणारा उद्या जमीन विचारणार, असा लोकांचा सरळ समज. "मास्तर, ह्यो तुमचा दोस्त झाडं बघतुया का आमची रानं?" असं मला एकानं तोंडावर विचारलं होतं. कधी कधी मलाही तीच शंका यायची.

मग कळंबच्या तात्यांचं प्रकरण आलं. शेजारच्या भीमरावनं त्यांच्यावर दावा ठोकला होता. जुन्या वाटणीच्या कागदात तात्यांच्या रानाची पूर्वेची हद्द 'वेडी बाभूळ' अशी होती आणि वेड्या बाभळीची जाळी आज उभी होती ती तात्यांच्या विहिरीच्या अलीकडे. म्हणजे विहीर भीमरावची. ती गेली की तात्यांचं सगळं रान कोरडं. विसूभाऊंनी कागदाचं साल पाहिलं. वेडी बाभूळ इकडे आली कालवा झाल्यावर, बांधावर बी टाकलं तेव्हा. त्याच्या नोंदी त्यांनी कचेरीत वाचल्या होत्या. हा कागद कालव्याच्या कितीतरी आधीचा. जे झाड मुलखातच नव्हतं ते हद्दीवर उभं कसं? तात्या खूश झाले. विसूभाऊंचा चेहरा मात्र पडला. "आपल्याला हवं तेच निघालं, मास्तर. कुठंतरी पाणी मुरतंय."

आम्ही वाचली होती ती बाळबोधीतली नक्कल. मूळ मोडी कागद त्यांनी उन्हात धरला, तर नेमकं घडीवर, 'वेडी'च्या पुढं, एक अक्षर झिजलेलं. तात्यांची म्हातारी आई म्हणाली, "अरं, ती वेडीची बाभूळ! येडी गंगू बसायची तितं." झालं, मिटलं, असं मी म्हणालो. विसूभाऊ म्हणाले, "आई लेकाच्याच बाजूनं बोलणार."

"आमची आय खोटारडी व्हय?" तात्या कडाडले. भीमरावनं विसूभाऊंना गाठलंय की काय, असं क्षणभर माझ्याही मनात आलं.

विसूभाऊ तिथून उठले आणि थेट भीमरावच्याच घरी गेले. कागदाचा विषयच काढला नाही. भीमरावच्या आजीला विचारलं, "आजी, नवी सून होता तेव्हा शेरडं कुठं चारायचा?"

"वढ्याच्या वळणाला, वेडीच्या बाभळीखाली. गावठी बाभूळ व्हती. वावटळीत पडली."

ओढ्याचं वळण विहिरीच्या पलीकडे. भीमराव जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला. "आजे, गप की!"

"का रं? खोटं हाय व्हय?"

भीमरावनं दावा काढून घेतला. मनातून त्याचं समाधान झालं असेल, यावर मी विश्वास ठेवत नाही.

परवा कळंबला गेलो. विसूभाऊ गेल्यावर तात्यांनी ओढ्याच्या वळणाला गावठी बाभळीचं रोप लावलंय, भोवती काटे रचून. भीमराव त्याला कळशीनं पाणी घालत होता. मी जवळ जाऊन पाहिलं, पाणीच होतं. तेवढ्यात तलाठी हद्दीची नवी नोंद करायला आला. पूर्वेला काय लिहू, म्हणाला.

"लिवा, वेड्याची बाभूळ," तात्या म्हणाले.

कोण वेडा, हे तलाठ्यानं विचारलं नाही, आणि भीमरावनं उरलेली कळशी रोपाला ओतली. मी कागद मागून घेतला आणि 'ची' नीट लिहिलीय का ते पाहिलं. डोळे भरून आले होते, म्हणून पुन्हा एकदा पाहावं लागलं.