नंबर माझा, फोन बाबांना

सगळं बदललं ते मंगळवारी दुपारी पावणेतीनला. नेहरू नगरमधल्या आमच्या मोबाइलच्या दुकानात, एका मावशींच्या फोनवर.

मावशी तणतणतच आल्या. "बाबू, माह्ये सगळे फोन सुनेले जाते. माही बहीण माह्या नंबरवर फोन करते अन् सून तिले माह्याच तक्रारी सांगते! पोरानं नवीन फोन घेऊन देल्ला, तरी तेच."

मी फोन घेतला, रिस्टार्ट केला. काही नाही. मग फॅक्टरी रीसेटला हात घातला, तर मागून दुकानाचे मालक साहू भैया ओरडले, "अबे, हैंडसेट को क्यों मार रहा है? फोन बदलने से कॉलर ट्यून बदलती है क्या? ये सब नंबर के नाम पे उधर नेटवर्क में लिखा रहता है."

खरंच की... कुठल्या नंबरवर काय चालू, काय बंद, कॉल कुठे वळवायचा, याची नोंद कंपनीकडे असते. फोन फोडा नाहीतर नवा घ्या, ती नोंद जागची हलत नाही. मी मावशींच्या फोनवरून फॉरवर्डिंग, म्हणजे कॉल सुनेकडे वळवणं, काढलं. त्या आशीर्वाद देत गेल्या आणि मी तिथेच थिजलो.

कारण तीन महिन्यांपूर्वी मीही एक फोन फोडला होता.

झालं असं की मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं. बाबांशी कडाक्याचं भांडण झालं, आणि त्या दिवशी सगळ्या आत्या, काका, मामांनी फोन करकरून मला पिळून काढलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, एवढंच बोलायचंय ना, बोला मग त्यांच्याशीच! सगळे कॉल बाबांच्या नंबरवर फॉरवर्ड केले आणि फोन भिंतीवर आपटला. नवीन फोन आला, दुकानाच्या कामाला नवीन नंबर आला. दोस्त सगळे व्हॉट्सॲपवर. जुना नंबर दुसऱ्या सिमवर नुसता पडून होता... फक्त प्रणालीसाठी.

प्रणाली म्हणजे... जाऊ द्या, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्याच आठवड्यात तिच्याशीही भांडलो. "कॉलेज का सोडलंस?" एवढंच तिने विचारलं होतं. मी तिला साधा कॉल सोडून सगळीकडे ब्लॉक केलं, दुकानावर यायचं नाही म्हणून सांगितलं, आणि मग रोज त्या जुन्या नंबरकडे बघत बसलो. गरज असेल तर साधा फोन करेल. मी का करू?

तिचा फोन आलाच नाही. दोन दिवस आधी कळलं की तिला नागपूरच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि ती याच मंगळवारी संध्याकाळी निघणार. म्हटलं, संपलं. ती गेली की त्याच रात्री ते सिम काढून कचऱ्यात टाकणार होतो.

आता काउंटरवर उभा राहून जुन्या सिमवरून *#21# दाबलं, कॉल कुठे वळतात ते दाखवणारा कोड. स्क्रीनवर आलं, व्हॉइस कॉल फॉरवर्डेड... आणि खाली बाबांचा नंबर.

साहू भैयांना काय सांगितलं आठवत नाही. गाडी काढली आणि वैशाली नगरला घरी.

बाबा स्टील प्लांटमधून फर्स्ट शिफ्ट करून येऊन जेवत होते. तीन महिने आमचं बोलणं आईमार्फत चालायचं. आई घरी नव्हती.

"बाबा... माझे फोन तुम्हाला येतात?"

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले. "येते ना. त्या पोरीचा तर रोज येते."

"मग सांगितलं का नाही?"

"मले वाटलं तू मुद्दामच माह्याकडे वळवला. पोरीले टाळून राहिला. अन् सांगू कोणाले? तू बोलतोस काय माह्याशी?"

"आईला सांगायचं..."

"आईमार्फत सांगाची गोष्ट आहे का ते?"

मी खालीच बसलो. म्हटलं, बाबा, शपथ, ते तिच्यासाठी नव्हतं. आत्यांसाठी होतं. बाबा हसायला लागले. "तुही आत्या तर माह्याशीच भांडली अर्धा तास!"

"पण ती रोज का करायची?"

"पयले आठ दिवस तुह्यासाठी. मंग माह्या बीपीसाठी. 'जय भीम काका, गोळी घेतली?' रोज पाच वाजता. मी सांगतलं तिले, पोरगा वाईट नाही, बापावर गेला आहे."

तीन महिने ज्या फोनची वाट बघत होतो, तो रोज माझ्याच घरात वाजत होता. आणि ज्या दोघांवर मी रागावलो होतो, ते दोघं एकमेकांची काळजी घेत बसले होते...

तिथेच बसून ##21# दाबलं. फॉरवर्डिंग बंद. बाबांनी स्वतःचा फोन उचलून पाहिला, उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे आता तिचा फोन मले नाही येणार काय?"

"तुमचा नंबर देतो ना तिला."

"हं." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "सहाची गाडी आहे तिची. काहून बसून राहिला? जा. अन् सांग, काकानं गोळी घेतली म्हणून."

"घेतली?"

त्यांनी डबीतून गोळी काढली, माझ्यासमोर तोंडात टाकली आणि पाण्याचा घोट घेतला.

सेटिंग काढायला एक मिनिट लागलं. विचारायला तीन महिने. त्या तक्रारवाल्या मावशींचे खूप उपकार.

तीन महिने मी घराचं दार आपटूनच बाहेर पडत होतो. त्या दिवशी गाडीची किल्ली उचलली, बाहेर आलो, आणि दार हळूच लावून घेतलं.