डावी पोटरी की उजवी

पंचेचाळिशीत शुगर निघाली, म्हणून मी राहुरीत पाटाच्या कडेने पळायला लागले. पहिल्याच आठवड्यात डावी पोटरी अशी धरली की जिना उतरताना कठड्याला लटकावं लागे.

नवरा म्हणाला, "अगं, पळणं बंद कर." सासूबाई म्हणाल्या, "बंद नको करू, पाय आखडंल. तेल लावून चोळ." शेजारणीने बर्फ लावायला सांगितलं. कुणाचं खरं मानावं ते कळेना, म्हणून सकाळी तेल आणि संध्याकाळी बर्फ, दोन्ही केलं. वर लंगडत पळतही राहिले.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डावी पोटरी सगळीकडून दाबून पाहिली. कुठेच दुखेना. मग त्यांनी उजवीला हात लावला आणि मी ओरडलेच.

"डावी केव्हाच बरी झालीये," ते म्हणाले. "तिला जपता जपता सगळा भार उजवीवर टाकलात. आता काही दिवस नुसतं चाला."

मी चालले. हळूहळू पुन्हा पळायलाही लागले. पण पायात जरा ओढ बसली की अजून थांबते आणि हे दुखणं आहे की नुसती भीती, ते मला सांगता येत नाही.