वेलबर्नची हजेरी, संत्रामंडीत

चिखलदऱ्याच्या अलीकडच्या वळणावर आमची वेलबर्न शाळा आहे. वऱ्हाडातल्या देशमुख-पाटलांच्या मुलांना साहेबी वळण लागावं म्हणून इंग्रजांनी ती बांधली. काळ्या दगडाच्या इमारती, उतरती कौलं, राहायला वसतिगृह. मी तिथं भूगोल शिकवतो. हर्षा मॅडम मराठी शिकवतात.

हर्षा शेंदूरजनाघाटची. वडील भगवंतराव संत्र्याचे बागायतदार. पाचवीत ती याच शाळेत शिकायला आली. पहिल्या दिवशी जेवणघरात तिनं "मले वरण पायजे" म्हटलं आणि अख्खी रांग हसली. वॉर्डनबाईंनी तिला "मला वरण हवं आहे" असं पाठ करायला लावलं. तिनं ते पाठ केलं, आणि पुढं पुणेरी मराठीत पहिला नंबरही काढला. पण घरी जाताना घाट उतरला की ती पुन्हा वऱ्हाडीच बोलायची. बाई म्हणून इथं परत आली तेव्हा तिनं ठरवलं होतं, माझ्या वर्गात कोणत्याही लेकराच्या बोलीला हसायचं नाही. वर्गात कोरकू मुलं होती, वरुड-मोर्शीची होती. सगळी मोकळी बोलायची.

गेल्या वर्षी शाळेला शंभर वर्षं झाली. शाळेच्या इतिहासावर नाटक बसवायचं काम तिच्याकडं आलं. जुने विद्यार्थी शोधत ती अमरावतीला शेषरावांकडं गेली. वय पंच्याण्णव, कान मंद, आवाज मात्र खणखणीत.

त्यांनी सांगितलं, "बेचाळीसची गोठ हाये. वऱ्हाडी बोल्ला का गळ्यात लाकडाची पाटी टांगत. संध्याकाळी पाटी ज्याच्या गळ्यात, त्याले छड्या. मंग आमी साऱ्याईनं ठरोलं. हजेरीले 'प्रेझेंट सर' म्हनाचंच नाही. 'हाजर हाओ जी' म्हनाचं. पाटी एक अन् माना साऱ्याईच्या. कोनाच्या गळ्यात टांगन?"

"मग साहेबांनी काय केलं?"

"थंडीत उभं केलं मैदानात. रातभर. माह्या बाजूले बंडू होता. त्याले आंधीच ताप. चार रोजानं गेला तो. घरच्याईले सांगतलं, निमोनिया झाला."

हर्षानं परत येऊन त्यावरच नाटक लिहिलं. हजेरीवरचं शेवटचं दृश्य तिनं अपेक्षाकडं दिलं. अपेक्षा नववीतली, अकोल्याची, आवाज धारदार.

तालीम पाहायला संस्थेचे अध्यक्ष आले. ते स्वतः इथलेच माजी विद्यार्थी. सुरुवातीला हसले, मग त्यांचा चेहरा आक्रसला.

"मॅडम, शताब्दीला हे काय? ज्या शाळेनं आपल्याला शिस्त दिली, तिच्यावर मुलाच्या मरणाचा ठपका? ते काढा. वऱ्हाडी हवी असेल तर स्वयंपाक्याच्या तोंडी द्या. लोक हसतील."

"सर, हसण्यापुरती वऱ्हाडी ठेवायची आणि मेलेल्या पोराचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्याकडून होणार नाही."

"मग नाटकच होणार नाही."

"ठीक आहे. इथं होणार नाही," हर्षा म्हणाली. तिनं तिथल्या तिथं मुलांना वह्या मिटायला सांगितल्या.

दिवाळीची सुटी लागली. आईबाप लेकरांना न्यायला आले तेव्हा हर्षानं एकेकाला गाठलं. नाटक कशावर आहे, अध्यक्षांनी का थांबवलं, सगळं सांगितलं. "पटत असन तर पाडव्याच्या दिवशी लेकराले घेऊन शेंदूरजनाले या." दोन घरं सोडून सगळी आली. अपेक्षाचे वडील तर तिला अकोल्याहून मोटारसायकलवर घेऊन आले.

संत्रामंडीत माल निवडायचा मोठा ओटा आहे. तोच रंगमंच झाला. लोक क्रेट पालथे घालून बसले. हमाल होते, बागवान होते, भाजीवाल्या बाया होत्या. शेषरावांना नातू गाडीत घेऊन आला आणि त्यांना सगळ्यात पुढं खुर्चीवर बसवलं. भोंगा मधेच बंद पडला, मग मुलं ओरडून बोलली.

शेवटचं दृश्य आलं. मैदानात पोरं उभी, आणि अपेक्षा एकेकाचं नाव घेते. "हाजर हाओ जी!" प्रत्येक उत्तराला मंडी टाळ्या वाजवत होती. मग तिनं हाक दिली, "बंडू." इथं कोणी उत्तर द्यायचं नव्हतं.

शेषराव काठी टेकत उठले. "थांब पोरी. पूरं नाव घे त्याचं. बापाचं नाव घे!"

अपेक्षा गोंधळली. ओट्याच्या कडेवरून हर्षा पुढं आली. "तुमीच सांगा, आबाजी."

"बळवंत किसनराव गावंडे. बंडू आमी म्हनत होतो."

अपेक्षानं श्वास घेतला आणि मंडीच्या पत्र्यावर आदळेल अशा आवाजात हाक दिली, "बळवंत किसनराव गावंडे!"

टाळी वाजली नाही. शेषराव उभेच होते. आधी एक हमाल उठला, मग बाया उठल्या, मग सगळी मंडी उभी राहिली. मी मागं क्रेटवर बसलो होतो. केव्हा उठलो, मलाही कळलं नाही.

सुटीनंतर हर्षाला समितीपुढं बोलावलं. शिक्षक प्रतिनिधी म्हणून मीही होतो. अध्यक्ष म्हणाले, "मुलांना बाहेर नेऊन तुम्ही संस्थेची बदनामी केली. लेखी माफी द्या, विषय संपेल."

शाळेच्या कार्यालयात इतक्या वर्षांत ती प्रमाण मराठीच बोलत आली होती. त्या दिवशी नाही बोलली.

"लेकरं मी नाही नेली. त्याईच्या मायबापाईनं आनली. अन् माफीचं म्हनता, तर बळवंत गावंडेची माफी कोन मांगते ते आंधी ठरवा. मंग माह्याकडे या."

"मॅडम, नीट बोला."

"नीटच बोलून राह्यली मी. तुमाले समजून राह्यलं ना?"

समितीतल्या सगळ्यांना समजत होतं. त्या खोलीतला प्रत्येक जण घरी तीच भाषा बोलत होता.

तिला मिळायची सुपरवायझरची जागा दुसऱ्याला गेली. वसतिगृहाचं काम काढून घेतलं. नोकरीवरून मात्र तिला काढता आलं नाही, कारण वरुड-मोर्शीकडचे पालक पालकसभेत तिच्या बाजूनं उभे राहिले. शताब्दीच्या पुस्तिकेत बंडूचं नाव आलं नाही. नाटकाऐवजी एखादं समूहनृत्य बसवा, असा निरोप आला, तेव्हा तिनं कळवलं, "बसवीन तर तेच नाटक."

जानेवारीत सोहळा झाला. नाच बाहेरच्या मंडळींनी केला. शेषरावांना निमंत्रण नव्हतं. हर्षा स्वतः अमरावतीला जाऊन त्यांना घेऊन आली आणि पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं. एक स्वयंसेवक घाईनं आला, ही जागा राखीव आहे म्हणाला.

"हो, यांच्यासाठीच," हर्षा म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. व्यासपीठावरून अध्यक्ष बघत होते. कार्यक्रम संपेपर्यंत त्या दोघांना तिथून उठवायची कोणाची छाती झाली नाही.