कुणाला खोडता येणार नाही असं काहीतरी

सबंध नगर जिल्ह्यात माझ्या धाकट्या काकांइतके वाद हरलेला माणूस सापडणार नाही. जिल्ह्याचं नाव बदललं, काकांचं हरणं काही बदललं नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी काकांनी आणि बसावं भलत्यानंच. वर त्या भलत्याचं पोर काका मांडीवर घेऊन उभ्यानं, म्हणजे अर्धवट टेकून, संगमनेरपर्यंत येणार. एकदा न्हाव्याकडे दाढी करायला गेले. न्हावी म्हणाला, "मिशी काढा हो, उन्हाळा हाय." मिशीचा नि उन्हाळ्याचा काय संबंध, असं विचारायचं त्यांच्या मनात होतं म्हणे, पण तोवर अर्धी गेली होती. घरी आल्यावर काकूनं दारातच विचारलं, "कोन पायजे?" गावच्या दूध संस्थेत ते फॅट काढायला होते. यंत्र एक आकडा दाखवायचं, दूध घालणारा दुसराच सांगायचा आणि काका यंत्राकडे संशयानं बघायचे. "असंल बाबा, यंत्राला काय कळतंय!" शेवटी संस्थेनं कपाळाला हात लावला आणि त्यांना पशुखाद्याच्या गोदामात नेऊन बसवलं. पोती वाद घालत नाहीत, त्यामुळे तिथे ते रिटायर होईपर्यंत सुखात होते.

घरात तर वादाचा प्रश्नच नव्हता. तिथे मोठे काका होते. माझे वडील मधले. ते नोकरीपायी संगमनेरला आले, इथेच राहिले आणि आता नाहीत. गावाकडचं घर एकत्रच आहे, आणि एकत्र म्हणजे काय, तर मोठे काका बोलणार आणि बाकीच्यांनी हो ला हो करायचं. धाकट्या काकांची मुलगी शीतल नाशिकला नर्स आहे. तिनं तिथल्याच एका मुलाशी जातीबाहेर लग्न केलं. जात कुठली ते मी सांगत नाही; ती जागा रिकामी सोडा आणि वाटेल ती घाला, पुढचं सगळं जसंच्या तसं घडतं. मोठे काका म्हणाले, "तिचा पाय या उंबऱ्याला लागायचा न्हाई." संपलं. तेव्हापासून काकू फोन घेऊन गोठ्यात जायची आणि म्हशीच्या आडून लेकीशी बोलायची. मोठ्या काकांना ते माहीत होतं. मी एकदा त्यांच्यासमोर तोंड उघडलं, तर "तू शिकल्याली हायेस, तू गप," असं उत्तर मिळालं. शिकल्याचा इतका थेट उपयोग मला दुसरीकडे कुठे झालेला नाही.

अशात शीतलला दिवस गेले. आणि एका रविवारी धाकटे काका दह्याची बरणी घेऊन माझ्याकडे आले. मी इथल्या कॉलेजात गणित शिकवते. बराच वेळ ते पंख्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "पोरी, तुमच्या गणितात असं कायतरी असतं म्हनं, की एकदा लिव्हलं की कुनाच्या बापाला खोडता येत न्हाई."

"सिद्धता म्हणतात त्याला," मी म्हटलं.

"ते मला शिकव. शीतलला सातव्यात घरी आनायचीय. दादाला बोलून सांगाय गेलो की माझी जीभच वळत न्हाई. तेवा लिव्हून, पाठ करून, खोडताच येनार न्हाई असं कायतरी पायजे."

हसू दाबायला मी स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे गेल्यावर हसू आलंच नाही.

तर वयाच्या साठीला काकांनी सिद्धता शिकायला घेतली. दर रविवारी फटफटीवरून यायचे. लिहायला कागद म्हणून घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणायचे, पाठीमागून कोऱ्या असतात म्हणून. मी पहिला धडा दिला: दोन सम संख्यांची बेरीज सम असते, हे सिद्ध करा. काका माझ्याकडे काळजीनं बघायला लागले. "हे तर समद्यांना म्हाईत हाय की गं. याच्यासाठी पगार देत्यात व्हय तुला?" मी म्हटलं, माहीत असणं वेगळं. पुढच्या रविवारी पाच पत्रिका भरून बेरजा आणल्या. दोन अधिक चार, आठ अधिक सोळा, शेवटी शेवटी तर लाखांच्या बेरजा. सगळ्या सम. मी म्हटलं, काका, हे दाखले झाले. जी बेरीज तुम्ही केलीच नाही तिचं काय? काका चांगलेच चिडले. म्हणजे त्यांच्या मानानं चिडले, चहात बिस्कीट बुडवायचं थांबले. "इतक्या बेरजा केल्या तरी पटत न्हाई? लई संशयी जात हाय बाई तुमची."

नंतरचा घोटाळा तर माझी पोरंपोरी दरवर्षी करतात. काकांनी पहिलीच ओळ लिहिली: समजा, बेरीज सम आहे. मी म्हटलं, "जे सिद्ध करायचंय तेच आधी धरून चाललात, तर मग राहिलं काय?" काका भाबडेपणानं म्हणाले, "आमच्याकडं दादा असंच करतोय की. त्याचं शेवटाचं आदी ठरल्यालं असतं, मग कारनं मागनं येत्यात." मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत हा दोष मला कुणालाही इतका नीट समजावून देता आलेला नाही. मग मी सांगितलं, उलटं करा. जे दिलंय, जे समोरच्याला आधीच मान्य आहे, तिथून निघा, आणि दर ओळीला विचारा, हे कशावरून. साध्याकडे, म्हणजे जे सिद्ध करायचंय त्याकडे, बघायचं, पण त्याच्यावर उडी मारायची नाही. त्यांनी निघायला घेतलं, तर दोन्ही संख्यांना 'दोन क' हेच नाव दिलं. मी म्हटलं, एकच अक्षर दिलंत म्हणजे दोन्ही संख्या एकच झाल्या. "सख्ख्या भावाभावांना एकच आडनाव असतंय की." "आडनाव असू दे, पण दोघं वेगळे ना?" यावर त्यांनी एक 'क' खोडला आणि दुसऱ्या संख्येला त्यांनी 'दोन ख' म्हटलं. दोन क अधिक दोन ख, म्हणून दोन गुणिले क अधिक ख, म्हणून सम. काकांनी ती ओळ तीनदा वाचली आणि पटकन चष्मा काढून पुसायला घेतला. पुढच्या आठवड्यात विषम अधिक विषम सम होतं, हे त्यांनी माझ्या मदतीशिवाय करून आणलं, आणि येताना आमच्या बिल्डिंगीतल्या सगळ्यांना जिलबी आणली. कशाची म्हणून लोकांनी विचारलं, तर म्हणाले, "दोन्हीकडली एकटी उरल्याली एकमेकाला मिळाली, त्याची."

मग त्यांना 'म्हणून'चा नाद लागला. काकूनं चहा केला की कशावरून केला हे विचारायचे. "भाजीत मीठ न्हाई," एवढं म्हणून थांबायचे नाहीत, तर काकूच्या तोंडून तिचाच शब्द घेऊन तिथपर्यंत तिला चालवत न्यायचे. काकू एकदा म्हणाली, "मीठ इसरले, म्हनून भाजी आळनी. आता भूक लागली असंल तर जेवा, न्हाईतर सिद्ध करत बसा." शेजाऱ्याची म्हैस काकांच्या कडवळाच्या हिरव्या चाऱ्यात शिरायची. काकांनी त्याला बांधावर गाठलं. कडवळ कुनाचं? तुमचं. म्हैस कुनाची? माझी. तिनं खाल्लं का न्हाई? खाल्लं की. म्हनून चूक कुनाची? माझीच म्हनायची, असं शेजारी म्हणाला. जन्मात पहिल्यांदा वाद जिंकल्याच्या आनंदात काका माझ्याकडे आले. मी विचारलं, "मग म्हैस थांबली का?" काका म्हणाले, "न्हाई, आज बी आल्ती. पन मान्य केलं की त्यानं!" त्यांच्या आनंदावर पाणी ओतायला माझं मन झालं नाही.

सातवा लागला. त्या रविवारी मीही गावाला गेले. जेवणं झाली होती, मोठे काका खाटेवर टीव्ही बघत होते, काकू आतल्या दाराशी उभी होती. धाकटे काका साठ वर्षांचे, डोक्याला टोपी, आणि भावापुढे फळ्याशी बोलावल्यासारखे उभे.

"दादा, एक सांगा. पोरीचं पयलं बाळंतपन म्हायेरी करायचं असतं. खरं का न्हाई?"

"खरं हाय. आपल्यात तसंच असतं."

"आपल्या घरातल्या एका बी पोरीचं भाईर झालेलं न्हाई."

"न्हाई. आईनं हू दिलं नसतं."

"शीतल माझी पोर हाय."

इथे मोठे काका थांबले. टीव्हीचा आवाज त्यांनी बारीक केला. "हाय. ते म्या कवा न्हाई म्हनलोय?"

"आन् हे माझं घर हाय. मला दुसरं घर न्हाई."

"कुटं हाय दुसरं? वाटण्या कुटं झाल्यात?"

काकांनी टोपी सारखी केली. पाठ केलेलं होतं म्हणून निभावलं. "म्हनून दादा, शीतलचं बाळंतपन या घरात हुनार."

इतकी स्वच्छ सिद्धता मी विद्यापीठाच्या पेपरातही फार वेळा तपासलेली नाही. मोठ्या काकांनी दोनदा मान हलवली, आणि मला वाटलं, खरंच वाटलं, की झालं. मग ते म्हणाले, "बरोबर हाय तुझं. समदं बरोबर हाय."

"मंग आनू तिला?"

"न्हाई."

"पन तुमी समद्याला व्हय म्हनला!"

"म्हनलो. अजून बी म्हनतो. पन न्हाई." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी आयुष्य ज्याच्यावर काढलं ते माझ्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्यानं रिमोटनं बंद केलं, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. काकू दारातून निघून आत गेली. तिनं काही सिद्ध केलं नाही. डिंकाचे लाडू केले, जुनी लुगडी फाडून दुपटी केली, पिशवी भरली आणि दिवस भरत आल्यावर नाशिकची एसटी धरली. मुलगी झाली. सव्वा महिना राहून, बाळाला न्हाऊमाखू घालून काकू परत आली, तर मोठे काका तिला एका शब्दानं बोलले नाहीत. मी धाकट्या काकांना म्हटलं, तुम्हीही जा की, नात बघून या. ते म्हणाले, "जाईन की. पन आदी पोर म्हायेरी आली पायजे. मी तिकडं गेलो म्हंजी इकडचं हारल्यासारखं हुतंय."

ते माझ्याकडे मात्र येत राहिले. दर रविवारी तोच प्रश्न. "वळ कुटली चुकली गं?" मी पुन्हा पुन्हा तपासून सांगायचे, एकही ओळ चुकलेली नाही. विद्यार्थ्याला बरोबर आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा इतका उतरलेला मी कधी बघितला नाही. चूक असती तर दुरुस्त तरी करता आली असती. एका रविवारी ते मला फार थकलेले दिसले, आणि मला राहवलं नाही. काहीतरी म्हणायचं म्हणून मी म्हणाले, "चौथी ओळ जरा कच्ची आहे, काका."

"चवथी? हे माझं घर हाय, ती?"

"हो. ती तुम्ही नुसती म्हणालात. सिद्ध कुठं केलीत?"

बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी खोटं बोललेच नव्हते. काकांचा चेहरा मात्र उजळला. "वाटलंच मला! हात्तिच्या, मंग सोपं हाय."

शीतलची पोर आता नाशिकला धरून धरून चालते. काका दर रविवारी चौथी ओळ सिद्ध करून आणतात. मागच्या खोलीत मी जन्मलो. मागली भिंत पडली तेव्हा चिखल मी तुडवला. आईला शेवटचं पाणी या घरात मी पाजलं. म्हणून हे घर माझं आहे. माझ्यापुढे कागद ठेवतात आणि "नीट बघ बरं," म्हणून खुर्चीच्या कडेवर बसून राहतात. मी पहिल्या ओळीपासून सावकाश वाचत जाते. चूक कुठेच सापडत नाही.